सव्वा इंचाच्या रकान्यातला ढीग

"उतर खाली. आधी उतर, मंग बोल. मढ्याच्या छातीवर मशीन घालून राहिला, अन् मलेच विचारतो काय झालं म्हणून?"

हे ओरडणं कानावर आलं तेव्हा मी कचेरीच्या कामाने तिकडेच निघालेला, दोन शेतं अलीकडे, स्कूटरवर होतो. माझी स्कूटर चालू असताना शेजारी फटाक्यांची माळ लावली तरी मला कळत नसे. लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं आमच्या नवरा-बायकोत एकही भांडण झालं नाही, ते या स्कूटरच्या सायलेन्सरमुळे. तरीही तो आवाज आला. पुढे कित्येक वर्षं मी सांगत असे, की त्या ओरडण्याने वाकडच्या पुलाजवळच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. म्हशी मी नंतर घातल्या. बाकीचं जसं झालं तसं आहे.

जागा हिंजवडीच्या पलीकडचा माळ. शुक्रवार, दुपारचे तीन. गुडघाभर गवत, गवतात छातीइतका उंच दगडगोट्यांचा उंचवटा, कडेने डोकं काढलेले काही मोठे धोंडे, आणि वर निळ्या गणवेशातला एक किरकोळ अंगाचा सुरक्षारक्षक काठी रोवून उभा. त्याच्या डोक्यावर दोन हातांवर पोक्लेनची बादली लोंबत होती. ती बादली आमच्या कचेरीएवढी होती, आणि कचेरीपेक्षा जास्त काम करत असावी. चालक इंजिन बंद करून तंबाखू मळत बसला होता. खाली कंत्राटदाराचे मुकादम पासलकर हातातला कागद हलवत होते.

मी कोण ते सांगितल्यावर पासलकर माझ्याकडे वळले. "बरं झालं आला सायेब. तुमीच सांगा ह्याला. कंपनीचा वॉचमन, आन् कंपनीच्याच रस्त्याला आडवा पडतोय. सोमवारी परदेशातनं पाव्हणे यायचेत. रस्ता झाला न्हाई तर माझी साडेसाती. माझ्याकडं कागद हाय, सही हाय, शिक्का हाय."

मी कागद घेतला. तालुक्याच्या कचेरीतून आलेला, अगदी रीतसर. 'सदर गटातील, सोबतच्या नकाशात दर्शविलेला दगडांचा ढीग उचलण्यास हरकत नाही.' सोबतचा नकाशा उलगडला आणि आधी कोपऱ्यातला बाण दिसला. उत्तर दिशेचा बाण माशासारखा काढणारा माणूस अख्ख्या राज्य शासनात एकच होता, आणि त्या क्षणी तो त्या माळावर उभा होता.

आता हे सगळं नीट कळायचं तर धंदा समजून घ्यावा लागेल.

जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या एका सरकारी खात्याच्या पुण्यातल्या कचेरीत मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन, म्हणजे सरकारी मराठीत आरेखक, होतो. आमचं खातं खणतं आणि सोनं काढतं अशी लोकांची समजूत असते. बुधवार पेठेतले एक इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार तर दर गणपतीनंतर कचेरीत येत. जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. "फक्त जागा दाखवा," म्हणायचे, "बाकी यंत्र बघेल." एकदा मी त्यांना यंत्र चालवून दाखवायला सांगितलं. ते सुरू होताच आमच्या साहेबांच्या टेबलापाशी जाऊन शिट्टी मारायला लागलं. खणात अडकित्ता होता. दुकानदारांची मात्र आजही खात्री आहे की आम्ही काहीतरी लपवलं.

प्रत्यक्षात आमचं काम मोजायचं, काढायचं आणि लिहायचं. तेवढंच. पण ज्याचं कागदावर नाव नीट लिहिलेलं नाही, ते सरकारच्या दृष्टीने जगात नसतं. म्हणून हे 'तेवढंच' फार असतं.

माळावरचा उंचवटा हे एक दफन होतं. अडीच-तीन हजार वर्षांमागे, लोखंड वापरायला लागलेली माणसं आपल्या मेलेल्याला, कधी नुसत्या त्याच्या अस्थींना, मातीत ठेवत. सोबत काळी-तांबडी मडकी, एखादी कुऱ्हाड, कधी घोड्याचा साज. वर माती आणि गोटे भरत, आणि भोवती मोठमोठे धोंडे गोल रोवत. याला आम्ही शिळावर्तुळ म्हणतो. विदर्भात ही वर्तुळं माळामाळावर आहेत. आमच्या बाजूला इतकी दुर्मीळ, की हे सापडलं तेव्हा आमच्या सहायक संचालक जोगळेकर बाईंनी कचेरीत सर्वांना बटाटेवडा दिला. बाईंनी त्याआधी आणि त्यानंतर कधीही कोणाला काही दिल्याची नोंद नाही.

अशी जागा वाचवायची म्हणजे ती 'संरक्षित' घोषित करायची. आधी प्रस्ताव जातो. मग शासन इरादा जाहीर करतं, दोन महिने लोकांच्या हरकती ऐकतं, मग पक्की घोषणा, मग सातबाऱ्यावर नोंद, आणि शेवटी निळा फलक. तोवर जागेला रामभरोसे सोडायचं. प्रस्तावासोबत नकाशा असतो आणि नकाशाच्या कोपऱ्यात एक तक्ता: गाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, वर्णन. हा तक्ता ड्राफ्ट्समन भरतो.

आणि माझं अक्षर. त्याबद्दल मी गप्प बसणार नाही. संगणक यायच्या आधी ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनाने मी अशी अक्षरं काढत असे, की मंत्रालयातून फोन यायचा, हा टाइप कुठे मिळतो. माझा एक नियम होता: रकान्यातला मजकूर एका ओळीत बसला पाहिजे. दुसरी ओळ म्हणजे माझ्या दृष्टीने बिनइस्त्रीचा सदरा.

वर्णनाचा रकाना सव्वा इंचाचा होता. बाईंच्या इंग्रजी टिपणात 'केर्न' असा शब्द होता. मी 'शिळावर्तुळयुक्त दफनस्थान' असं पेन्सिलीने लिहून पाहिलं. ते शेजारच्या रकान्यात जाऊन बसलं. नुसतं 'शिळावर्तुळ' लिहावं, तर रकाना उजवीकडे ओकाबोका दिसायला लागला. शब्दकोश काढला. त्यात केर्नला अर्थ दिला होता: दगडांचा ढीग. लिहिलं. दोन्हीकडे सारखी जागा सोडून ते असं बसलं, जसं काही रकाना त्या शब्दांसाठीच आखला होता. मी पेन ठेवून थोडा वेळ नुसता बघत राहिलो.

त्या प्रस्तावाची एक प्रत, शिरस्त्याप्रमाणे, तालुक्याला गेली. तिथे कंपनीचा अर्ज आलेला होता की रस्त्याच्या आड माळावर काही दगड आहेत. तिथल्या लेखनिकाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. एका खात्याने सही-शिक्क्यासह लिहून दिलं होतं की तो दगडांचा ढीग आहे. त्याने दगडांच्या ढिगाचं जे करतात ते केलं. मी त्याला आजही दोष देत नाही.

तर माळावर. मी रक्षकाला खाली यायला सांगितलं. तो आला नाही. त्याने वरूनच नाव सांगितलं, श्रावण नेवारे, नागपूरकडचा.

"तुम्हाला कसं कळलं हे काय आहे ते?" मी विचारलं.

"आमच्या वावरात चार हायेत असे गोटे. माहा बाप नांगर वळवून नेते. ह्या मशीनवाल्यानं आल्या आल्या तीन धोंडे फोडले. मी गेटवरून पायलं, अन् पयतच आलो."

"आन् गेट उघडं टाकलं," पासलकर म्हणाले. "म्यानेजरला फोन गेलाय. उद्या ह्याची नोकरी ऱ्हाते का बघा."

"नोकरीचं पाहीन मी," नेवारे म्हणाला. "तुमी बादली पाहा."

मी चौकातल्या पीसीओवरून बाईंना फोन लावला. बाई मोजकं बोलत. फोनवर त्याहूनही मोजकं.

"खरे, परवानगीत कोणता शब्द आहे?"

"ढीग."

"त्यांच्याकडे कुठून आला?"

"आपल्या नकाशातून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "कोणी लिहिला?"

आता, माझी मुख्य आरेखकाची बढती त्या महिन्यात टेबलावर होती. "खात्यातून गेलाय बाई," मी म्हणालो.

"खातं लिहीत नाही, माणसं लिहितात. सोमवारी बघू. सोमवारपर्यंत एकही धोंडा हलता कामा नये. कसं ते आपण ठरवा."

शनिवार-रविवार सगळ्या कचेऱ्या बंद. म्हणजे दोन दिवस आणि एक पोक्लेन. परत आलो तर पासलकरांनी इंजिन सुरू करवलं होतं आणि नेवारे बादलीच्या बरोबर खाली मांडी घालून बसला होता.

मग मी ते केलं जे आयुष्यभर मला फक्त पोट भरायला उपयोगी पडलं होतं. मी कागद वाचायला लागलो. मोठ्याने.

"पासलकर, काय लिहिलंय? ढीग उचलण्यास. ढीग म्हणजे काय?"

"आता ढीग म्हंजी ढीग."

"ढीग म्हणजे एकावर एक सुटे टाकलेले. बरोबर? जो जमिनीत रोवलाय तो ढिगात येत नाही. रोवलेल्या धोंड्याला हात लावलात तर ते परवानगीच्या बाहेर. मग मला पंचनामा करावा लागेल, आणि पंचनाम्यात माझं अक्षर फार चांगलं येतं. लांबून वाचता येतं."

पासलकर विचारात पडले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "मग वरचं तरी उचलू का?"

"वरचं उचला. पण यंत्राने रोवलेला कुठला आणि सुटा कुठला ते कळणार नाही. हाताने उचला."

"हातानं? दोन दिस जातील."

"जातील," मी म्हणालो.

मला वाटलं होतं, मी वेळ काढतोय. खरं काय होतं ते शनिवारी सकाळी कळलं. दहा मजूर गोटे उचलून पाट्यांत भरत होते. शेजारच्या शेताच्या मालकीणबाई, हौसाबाई, पदर खोचून बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"बरं झालं, कुणीतरी उचलतंय," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी जलमभर रानातलं दगडं येचून हितंच टाकलं. सासऱ्यानं बी. मोकळी जागा दुसरी कुठं हाय?"

म्हणजे वरचा अर्धा उंचवटा हौसाबाईंच्या घराण्याचा होता. तिथे माझा शब्द बरोबर होता. तो खरोखरच ढीग होता. त्याच्या पोटात वर्तुळ होतं. मी हौसाबाईंना विचारून विचारून कुठला दगड त्यांचा आणि कुठला त्या मेलेल्या माणसाचा हे ठरवत होतो, आणि त्या इतक्या ठामपणे सांगत होत्या, की जणू सासऱ्याने दगडांवर नावं घातली होती. "ह्यो आमचा. ह्यो न्हाई, ह्यो कुणी मोठ्या लोकांचा दिसतोय."

रविवारी दुपारपर्यंत गोटे निघाले आणि सगळे धोंडे दिसले. गोल. सत्तावीस, आणि तीनची जागा रिकामी, गेटच्या बाजूला, समोरचे दात पडल्यासारखी. त्या तीन धोंड्यांची खडी एव्हाना रस्त्यात पसरलेली होती. मी फितीने व्यास घेतला, दिशा घेतल्या, आणि माशाच्या बाणासकट नवा नकाशा तिथेच मांडीवर काढला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला नकाशा तो. पासलकर वाकून बघत होते.

"आयला," ते हळूच म्हणाले. "हे तर केलेलं हाय."

नेवारे दोन्ही दिवस तिथेच होता. कंपनीने त्याला शुक्रवारीच गेटवरून उतरवलं होतं. तो साध्या कपड्यांत, जणू सुट्टीवर आल्यासारखा, मजुरांना पाणी देत होता.

सोमवारी बाई कलेक्टर कचेरीचं दार उघडणाऱ्या शिपायाच्याही आधी तिथे पोचल्या. दुपारी काम थांबवण्याचा आदेश आला. पाहुण्यांची गाडी मागच्या रस्त्याने नेली. रस्ता पुढे वर्तुळाला वळसा घालून झाला, आणि चार महिन्यांनी घोषणा निघाली.

पण घोषणेआधी शुद्धिपत्रक निघालं. ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांना शुद्धिपत्रकाचं सौंदर्य कळणार नाही. 'टंकलेखनातील चुकीमुळे "दगडांचा ढीग" असे नमूद झाले आहे, त्याऐवजी "शिळावर्तुळ" असे वाचावे.' टंकलेखनातील. हाताने, शाईने, दोन्हीकडे सारखी जागा सोडून काढलेली अक्षरं. आमच्या टंकलेखक बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढची सहा वर्षं माझा एकही कागद वेळेवर टाइप केला नाही. बरोबर केलं त्यांनी.

शुद्धिपत्रकाचा मसुदा माझ्यासमोर ठेवताना जोगळेकर बाई म्हणाल्या होत्या, "खरे, कंपनीने विचारलंय, त्या रक्षकाने कायदेशीर काम का अडवलं. मी त्यांना पत्र लिहू शकते, की चूक आमच्या माणसाची होती आणि त्याने ती वेळेवर थांबवली. पण त्यासाठी त्या आमच्या माणसाने एक ओळ लिहून द्यायला हवी."

"कोणत्या माणसाने?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आपण विचार करा. गुरुवारपर्यंत मी थांबते."

मी विचार केला. सोमवार ते गुरुवार मी इतका विचार केला, की तेवढ्यात एखाद्या किल्ल्याचा आराखडा झाला असता. एक ओळ होती. माझ्या अक्षरात सव्वा इंच. गुरुवारी मी दाढ दुखते म्हणून रजा टाकली. ती दाढ मला त्याआधी तीन वर्षं नव्हतीच.

शुक्रवारी बाईंनी मसुदा तसाच पुढे पाठवला. टंकलेखनातील चूक कायम राहिली, म्हणजे कोणा माणसाची चूक नव्हती, म्हणजे नेवारेने गेट सोडून विनाकारण गोंधळ घातला होता. सुरक्षेच्या एजन्सीने त्याला काढलं नाही. लोणी काळभोरला, शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला, एका कॉलेजच्या मागच्या दारावर टाकलं. त्याची खोली आणि पोरीची शाळा हिंजवडीत. तीन बस बदलून जायचा आणि तीन बदलून यायचा. मुख्य आरेखक मी पुढच्या महिन्यात झालो.

ते वर्तुळ अजून आहे. भोवती कठडा आहे, निळा फलक आहे, त्यावरचं अक्षर माझं नाही आणि ते दिसतं. सभोवार काचेच्या इमारती उठल्या. कंपनीच्या बसची वाट बघणारी मुलंमुली कठड्यावर चहाचे पेले ठेवतात. निवृत्त झाल्यावर एकदा गेलो होतो, तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मुलीने विचारलं, "काका, हे लँडस्केपिंग कोणी केलंय? खूप मिनिमल आहे."

"फार जुनी फर्म आहे," मी म्हणालो.

"अजून प्रोजेक्ट्स घेतात का?"

"इकडे नाही घेत. विदर्भात त्यांचं बरंच काम आहे."

तिने मान डोलावली आणि फोनवर टिपून घेतलं. मी दुरुस्त करायला हवं होतं, पण तिची बस आली.

लोणी काळभोरला मात्र मी निवृत्तीपर्यंत थांबलो नाही. बढतीनंतर आठ महिन्यांनी, एका रविवारी, गेलो. त्या स्कूटरने सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे दोनदा मान टाकली, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, हे निमित्त पुरेसं आहे, परत फिरावं. फिरलो नाही.

कॉलेजच्या मागच्या दारापाशी एक पत्र्याची चौकी होती. मागे उसाचं शेत. नेवारे स्टुलावर बसून वहीत गाडीचा नंबर लिहीत होता. मला बघून उठला, स्टूल मला दिलं, स्वतः उभा राहिला. चहा मागवला. पोरीची शाळा आता इकडेच बदलली म्हणाला, खोलीही. ऊन बरंच आहे, पण गाड्या कमी.

मी विषय काढायला तीन वेळा घसा साफ केला. मी गप्पिष्ट माणूस. कुठल्याही समारंभात मला बोलायचं थांबवावं लागतं. तिथे सुरुवातच होईना. शेवटी मी त्याला सगळं सांगितलं. रकाना, सव्वा इंच, शब्दकोश. बाईंना फोनवर काय म्हणालो ते. एक ओळ आणि दाढ. एकही म्हैस न घालता सांगितलं. मी म्हणालो, "नेवारे, 'शिळावर्तुळ' लिहिलं असतं तर बादली आलीच नसती, आणि तुम्ही आज हिंजवडीला असता. तो 'ढीग' मी लिहिला. सगळं त्या एका शब्दाने झालं."

त्याने चहाचा पेला संपवला, उरलेला चोथा उसाकडे फेकला, आणि वही पुन्हा उघडली.

"आमच्याकडे बी ढीगच म्हणतात जी," तो म्हणाला. "उचलत नाही कोणी."